नोंदवहीतला रिकामा रकाना

(कर्जत-खालापूर परिसरातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी कर्जत येथे झालेल्या एक दिवसाच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण वनहक्काचे दावे, रेशन, वीटभट्टीवरची न फिटणारी उचल यांवर बोललो. जेवणानंतरच्या सत्रात मात्र विषय आहे ‘कलासंग्रहालयाची संचालक बाई’. तुमच्यातल्या दोघी-तिघींनी चहाच्या वेळी मला विचारलंच, की ताई, याचा आमच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

मी मूळची याच तालुक्यातली. बावीस वर्षं मी एका संग्रहालयात नोकरी केली. संचालक म्हणून नव्हे, नोंदणी विभागात. कर्जत लोकलने जायचं, वस्तूंची मापं घ्यायची, नोंदवहीत लिहायचं, लोकलने परत. त्या नोंदवहीत काय लिहिलं जातं आणि काय राहून जातं, हे मी रोज पाहिलं. म्हणून संचालकाच्या खुर्चीबद्दल मी जे बोलणार आहे ते त्या खुर्चीसमोर उभं राहून पाहिलेलं आहे.

आधी संचालक करतो काय ते पाहू. बाहेरून आपल्याला वाटतं, की संचालक म्हणजे पाहुण्यांना गुच्छ देणारा मोठा साहेब. खरं काम वेगळं असतं. कोणती वस्तू विकत घ्यायची, कोणती नाकारायची, हे खरेदी समिती ठरवते आणि त्या समितीत संचालकाचा शब्द जड असतो. शंभरातल्या दहा वस्तू काचेच्या पेटीत मांडायच्या आणि नव्वद तळघरात ठेवायच्या, तर त्या दहा कोणत्या? वस्तूखालच्या पाटीवर काय छापायचं? संग्रहालय किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, तिकीट किती लावायचं, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे बांधायचं, शाळेच्या मुलांना आत घ्यायचं की नाही? वाळवी, दमट हवा, गळकं छप्पर यांचा बंदोबस्त कसा करायचा, आणि त्यासाठी पैसा कोणाकडून आणायचा? हे सगळं त्या खुर्चीत बसून ठरतं. थोडक्यात, पुढच्या पिढीने आपल्यातलं काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं, याचा बराचसा निर्णय तिथे होतो. असा निर्णय जिथे होतो तिथे आपण कुठे आहोत हे विचारणं, हे स्त्री-चळवळीचं कामच आहे.

आता या खुर्चीत आजवर कोण बसलं? मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ साली लोकांसाठी उघडलं. तिथे डॉ. मोतीचंद्र, सदाशिव गोरक्षकर यांच्यासारखे विद्वान संचालक होऊन गेले. त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण गोरक्षकरांनंतर डॉ. कल्पना देसाई त्या जागी आल्या, तोवर त्या संग्रहालयाचं वय सत्तरीच्या पुढे गेलं होतं.

दिल्लीची गोष्ट उलटी आहे आणि ती मला फार विचार करायला लावते. आपल्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयाची पहिली संचालक एक बाई होती, आणि तीही परदेशी. ग्रेस मॉर्ले त्यांचं नाव. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. पॅरिसच्या विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. १९३५ साली सॅन फ्रान्सिस्कोचं कलासंग्रहालय सुरू झालं तेव्हा त्या त्याच्या पहिल्या संचालक झाल्या आणि १९५८ पर्यंत राहिल्या. जगभर मंदी होती, लोक बेकार होते. त्या काळात त्यांनी संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवलं. कशासाठी? दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळशिवाय सवड कुठली? मैत्रिणींनो, चित्राची समज ही फक्त दुपारी मोकळ्या असलेल्या लोकांची मिरास नाही, हे त्या एका वेळापत्रकात आलं. मोठमोठ्या घोषणांपेक्षा मला हे वेळापत्रक जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या पंचायतीच्या बैठकांची वेळ ठरवताना बायकांची स्वयंपाकाची वेळ कोण लक्षात घेतं, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर मॉर्ले युनेस्कोच्या संग्रहालय विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. पुढे १९६० साली त्या दिल्लीला आल्या. राष्ट्रीय संग्रहालय १९४९ पासून राष्ट्रपती भवनात होतं. जनपथावरच्या नव्या इमारतीचं उद्घाटन डिसेंबर १९६० मध्ये झालं. साठाव्या वर्षी, आपल्याकडे बाईला ‘आता देवदेव करा’ असं सांगतात त्या वयात, त्यांनी नवं संग्रहालय उभं करायला घेतलं. १९६६ पर्यंत त्या संचालक होत्या. नंतरही त्या परत गेल्या नाहीत. आशियातल्या संग्रहालयांसाठी दिल्लीतूनच काम करत राहिल्या, १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि १९८५ साली दिल्लीतच त्यांचं निधन झालं.

त्यांना इथले लोक ‘माताजी’ म्हणत. प्रेमानेच म्हणत. पण जरा थांबून पाहा. त्याच काळातल्या पुरुष विद्वानांना आपण ‘डॉक्टर’ म्हणतो, ‘साहेब’ म्हणतो, ‘गुरुजी’ म्हणतो. पॅरिसची डॉक्टरेट असलेली, दोन देशांत दोन संग्रहालयं उभारणारी बाई मात्र ‘माताजी’ होते. बाईचा अधिकार आपल्याला आईपणाच्या पदराआडूनच सोसतो की काय? तुमच्यातल्या सरपंच झालेल्या ताईंनी यावर आपला अनुभव नंतर जरूर सांगावा.

आता मुंबईला येऊ. काळा घोडा भागात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते ज्या इमारतीत आहे, तो सर कावसजी जहांगीर हॉल. या जुन्या सभागृहाचं कलासंग्रहालय व्हावं म्हणून कलावंतांनी वर्षानुवर्षं सरकारच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांत एक प्रमुख नाव शिल्पकार पिलू पोचखानवाला यांचं. धातू, लाकूड, दगड यांत काम करणारी ही बाई १९८६ साली वारली आणि संग्रहालय उघडलं १९९६ साली. त्यांना ते पाहायला मिळालं नाही. त्याच्या पहिल्या संचालक झाल्या डॉ. सरयू दोशी. जैन हस्तलिखितांतल्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या या विदुषींनी आधी ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाचं संपादनही केलं होतं. म्हणजे एकीने मागणी लावून धरली, दुसरीने संस्था सुरू करून चालवली. पाटीवर दुसरीचं नाव सहज येतं. पहिलीचं शोधावं लागतं.

आणि मग भायखळा. कर्जत-खोपोलीच्या लोकलने जाणाऱ्या आपल्या बायकांना हे स्टेशन नवं नाही. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, राणीच्या बागेला लागून, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून लोकांसाठी उघडलं. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. भाऊ दाजी म्हणजे वैद्यक जाणणारे, जुने शिलालेख वाचणारे आणि मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार करणारे डॉक्टर. पण गेल्या शतकाच्या अखेरीला या संग्रहालयाची अगदी दशा झाली होती. तस्नीम झकेरिया मेहता यांनी ते वाचवायचं मनावर घेतलं. महानगरपालिका, एक खासगी प्रतिष्ठान आणि वारसा जपणारी इंटॅक ही संस्था, अशा तिघांना एका करारावर आणलं गेलं. २००३ पासून डागडुजी झाली, २००५ साली त्या कामाला युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडलं. मेहता त्याच्या मानद संचालक म्हणून दीर्घकाळ काम करत राहिल्या.

या ‘मानद’ शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे. मानद म्हणजे मान मिळतो, पगार नाही. बाईने संस्था उभी करायची, सांभाळायची आणि मोबदला म्हणून मान घ्यायचा, ही रीत आपल्याला घरातून चांगली ठाऊक आहे. अंगणवाडीच्या ताईंना आणि आशाताईंना सरकार आजही पगार म्हणत नाही, ‘मानधन’ म्हणतं. शब्द तोच, मान. फरक इतकाच, की मानद संचालकपद तिलाच परवडतं जिच्या घरची चूल तिच्या पगारावर पेटत नाही. म्हणून या खुर्चीत बसलेल्या बायका बहुतेक शिकल्यासवरल्या, शहरी, इंग्रजीत वावरणाऱ्या घरांतल्या दिसतात. त्यांचं कर्तृत्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण एखाद्या ठाकर किंवा कातकरी मुलीला उद्या ती खुर्ची हवी असेल, तर ती पगाराची आणि रीतसर भरतीची असायला हवी, ही मागणीही आपणच करायला हवी. त्यासाठीचं शिक्षण देशात आहे. बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात, दिल्लीत १९८९ पासून राष्ट्रीय संग्रहालयाची स्वतःची संस्था सुरू झाली. आपल्या आश्रमशाळेतल्या किती मुलींना कोणी हे सांगितलं आहे?

आता मूळ मुद्दा. खुर्चीत बाई बसली की सगळं बदलतं का? काही बदलतं. उदाहरण द्यायचं तर भायखळ्याच्या या संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर २०१३ साली चित्रकर्ती रीना सैनी कल्लाट यांनी एक प्रचंड कोळ्याचं जाळं लावलं होतं. ते जाळं रबरी शिक्क्यांचं होतं, कचेरीत असतात तसल्या शिक्क्यांचं. प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एखाद्या रस्त्याचं बदलून टाकलेलं जुनं नाव. नावं कोण ठेवतं, कोण पुसतं, शिक्का कोणाच्या हातात असतो, हा प्रश्न थेट संग्रहालयाच्या दारावर टांगला गेला. अशा कामाला आपली भिंत देणं हासुद्धा संचालकाचाच निर्णय असतो.

पण आत, नोंदवहीत काय? संग्रहालयात वस्तू आली की तिची नोंद होते. अनुक्रमांक, वस्तूचं नाव, साहित्य, माप, ठिकाण, काळ, कोणाकडून मिळाली, किती किमतीला. आणि एक रकाना असतो, ‘कोणी केली’. राजेमहाराजांच्या दरबारातलं चित्र असेल तर तिथे कधीकधी चित्रकाराचं नाव येतं. गोधडी, सूप, मण्यांची माळ, भिंतीवरचा चौक असेल तर तिथे एकच शब्द येतो, ‘अज्ञात’. मी काम करत होते तिथे अशी पानंच्या पानं होती. गंमत बघा, ‘कोणाकडून मिळाली’ हा रकाना कधी रिकामा नसे. कारण विकणाऱ्या दलालाची पावती असते, देणगी देणाऱ्या शेठचं पत्र असतं. ज्याने विकली त्याचं नाव शंभर वर्षं टिकतं आणि जिने रात्र रात्र जागून शिवली ती अज्ञात होते. नाव न समजल्यामुळे हे झालं असं नाही. ती बाई त्या वेळी जिवंत होती, दोन कोसांवर राहत होती. कोणी विचारलं नाही इतकंच. नोंदवहीच्या पानाखाली सही असते संचालकाची. तेव्हा तो बाई असो की पुरुष, रिकाम्या रकान्याखाली सही करायची नाही असं त्याने ठरवलं तर हे एका दिवसात बदलू शकतं.

हे मी हवेत बोलत नाही. दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. १९६० च्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाने आपले मराठी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवलं. तिथल्या बायका घरांच्या भिंतींवर चित्रं काढत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिले. कागद बायकांच्या हातात गेला, चित्रं त्यांच्या नावाने बाहेर पडली. जगदंबा देवींना १९७५ साली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली. त्यांची नावं आज संग्रहालयांच्या पाट्यांवर आहेत.

हेच कुलकर्णी १९७० च्या दशकात डहाणूकडे वारल्यांमध्ये गेले. तिथेही लग्नाचा चौक काढायचा मान बायकांचा, सवाशिणींचा. तांदळाच्या पिठाने त्या भिंतीवर देवीचा चौक लिहीत, धवलेरी गाणी म्हणत. पण कागदावर आलेली वारली चित्रकला जगाला माहीत झाली ती जिव्या सोमा म्हशे यांच्या नावाने. म्हशे थोर कलावंत होते, २०११ सालची त्यांची पद्मश्री त्यांच्या हाताची कमाई होती. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न असा आहे, की ज्या सवाशिणींनी पिढ्यान् पिढ्या हे चौक लिहिले त्यांच्यातल्या चौघींची तरी नावं तुम्हाला माहीत आहेत का? मला नाहीत. कागद कोणाच्या हातात पडतो, शहरात चित्रं घेऊन कोण जातं, खाली सही कोण करतं, यावर कलेचा इतिहास ठरतो. कला बायकांची असली तरी इतिहास बायकांचा होईलच असं नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. कोंढाण्याची लेणी तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिली असतील. राजमाचीच्या पायथ्याशी, आपल्या कर्जत तालुक्यात. इसवी सनाच्या आधीची ही लेणी. चैत्याच्या दर्शनी बाजूला एका भंगलेल्या मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्ह नावाच्या गुरूचा शिष्य बलक याने हे केलं, असा तिचा अर्थ. दोन हजार वर्षं झाली, मैत्रिणींनो. राजा कोण होता ते त्या ओळीत नाही, पण छिन्नी धरणाऱ्याने आपलं नाव लिहिलं, आपल्या गुरूचंही लिहिलं, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आलं. केलं त्याचं नाव लिहावं, ज्याच्याकडून शिकलो त्याचंही लिहावं, ही रीत आपल्या डोंगरात इतकी जुनी आहे. ती परदेशातून आणायची गरज नाही.

दुसरी गोष्ट घारापुरीची. तीही आपल्याच रायगड जिल्ह्यातली. तिथे एक भला मोठा दगडी हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. इंग्रजांनी १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडून फुटला. तुकडे मुंबईला आणले, पुढे १९१४ साली जोडले, आणि आज तो हत्ती भायखळ्याला त्याच संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आपल्या गावची वस्तू कशी आणि कोणाच्या मर्जीने बाहेर जाते, याचा हा मोठा दाखला. छोटे दाखले तर रोज घडतात. आपल्याकडे फार्महाऊस आणि रिसॉर्ट झाले. जुनी जाती, उखळं, लाकडी खांब, पितळी भांडी टेम्पोत भरून जातात आणि त्यांच्या दारात शोभेला मांडली जातात. घरातल्या पुरुषाने हजार-पाचशे घेतलेले असतात. ज्या आजीने त्या जात्यावर चाळीस वर्षं दळलं तिला विचारलेलं नसतं.

आणि काही वस्तू विकल्याही जात नाहीत, नुसत्याच नाहीशा होतात. भातलावणीला आपण इरलं घ्यायचो. बांबूच्या कामट्या, वर पानं, पाठीवर घेतलं की वाकून लावणी करता यायची आणि पाऊस अंगाला लागायचा नाही. आता प्लॅस्टिकचा कागद आला. तो स्वस्त आहे, हलका आहे, लावणीवालीने तोच वापरावा. जुनं ते जपायचं म्हणून कोणा बाईने ओझं वाहावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण इरलं विणायची अक्कल कोणाची होती, वाडीत कोण चांगलं विणायचं, हे लिहून ठेवायला काय हरकत आहे?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्या दुःखापुढे वस्तूंची गोष्ट काढू नये हे मला कळतं. पण वाचलेल्या माणसाला पुढे कधीतरी आठवायचं असतं, की आमची आई कशी होती, तिच्या हातचं काय होतं. घर गाडलं गेलं की सरकारी पंचनाम्यात भिंती, भांडी, जनावरं यांची किंमत येते. आईच्या हाताची नोंद पंचनाम्यात कधीच येत नाही. ती आपण आधीच करून ठेवायची असते.

तेव्हा मी आज एक काम मागायला आले आहे. इमारत नको, निधी नको. प्रत्येक मंडळाने एक दोनशेपानी वही घ्यावी आणि तीत रकाने आखावेत. वस्तू कोणती. कोणी केली, पूर्ण नाव. नुसतं ‘अमक्याची बायको’ चालणार नाही. कोणाकडून शिकली. साहित्य कुठून आणलं. किती दिवस लागले. मजुरी मिळाली का, मिळाली तर कोणाच्या हातात गेली. आता वस्तू कुठे आहे. वस्तू घरातून हलवायची नाही, फक्त लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिच्या शेजारी बसून आठवी-नववीतली मुलगी लिहील. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं आणि ती नको म्हणाली तर खोडायचं. गाणी असतील, चौक असतील, तर ते कोणासमोर सांगायचे आणि कोणासमोर नाही हेही तीच ठरवेल.

दुसरं. वस्तू विकायचीच असेल तर जरूर विकावी, पैशाची गरज कोणाला नाही? पण पावतीवर करणारीचं नाव लिहून घ्यावं आणि पैसे तिच्या हातात पडावेत. पुढे कधी ती वस्तू फिरत फिरत एखाद्या संग्रहालयात पोचली, तर नोंदणी विभागातल्या बाईसमोर निदान एक कागद असेल.

तिसरं. मंडळाची सहल काढताना महालक्ष्मीबरोबर एखादं संग्रहालयही यादीत घाला. तिथे गेल्यावर पाट्या वाचा. जिथे ‘अज्ञात’ दिसेल तिथे अभिप्रायाच्या वहीत लिहा, की ही वस्तू आमच्याकडच्या बायका करतात, नाव शोधायचं असेल तर आम्हाला विचारा. मराठीतच लिहा. मंडळाचं नाव आणि पत्ता घाला. एका पत्राने काही होणार नाही, पण वीस मंडळांची वीस पत्रं आली की ती संचालकाच्या टेबलावर न्यावी लागतात. मी त्या टेबलापर्यंत कागद पोचवणारी होते, म्हणून खात्रीने सांगते.

वहीचे रकाने मी एका कागदावर आखून आणले आहेत. त्याच्या झेरॉक्स दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक मंडळाने एक घ्यावी. पुढच्या बैठकीला पहिली दहा नावं लिहून आणावीत. सुरुवात आपापल्या सासूपासून केली तरी चालेल.